धुंधुरमासात चेन्नई

पहाटेचे साडेपाच. मैलापूरच्या उत्तर माड रस्त्यावर अजून अंधार होता आणि समोरून भजनी मंडळी येत होती. बारा-पंधराच माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. पांढरी धोतरं, खांद्यावर उपरणं, एकाच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेली पेटी, एकाकडे मृदंग. सगळ्यात पुढे चालणाऱ्या आजोबांच्या हातात चिपळ्या होत्या. शब्द तमिळ, मला एकही कळत नव्हता. पण ठेका ओळखीचा होता. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चारही रस्त्यांवरून मी त्यांच्या मागे चालत गेले. पापनाशम शिवन हे थोर रचनाकार वर्षानुवर्षं याच रस्त्यांवरून भजन करत जायचे, ती परंपरा या मंडळींनी आजवर चालू ठेवली आहे.

तमिळ लोक ज्याला मार्गळी म्हणतात तो आपला धनुर्मास, म्हणजेच धुंधुरमास. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा महिना. आमच्या मिरजेच्या घरी आजी या दिवसांत एकदा तरी सगळ्यांना अंधारात उठवायची. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि सूर्य वर यायच्या आत नैवेद्य. इथे भजन संपल्यावर देवळाबाहेर एका माणसाने हातात पानाचा द्रोण ठेवला. वेण पोंगल. तांदूळ, मुगाची डाळ, मिरी, जिरं, वरून तूप. पहिल्याच घासाला आजी आठवली. भाकरी तेवढी नव्हती.

दारोदारी कोलम काढणं चालू होतं. मी एका दारापाशी बराच वेळ थांबले. त्या बाईंनी सडा टाकून जमीन ओली असतानाच पिठाचे ठिपके मांडले, आणि मग कंबरेत वाकून, हात जमिनीला न टेकवता, ठिपक्यांभोवती रेघ वळवत नेली. पीठ चिमटीतून पडत होतं, पण रेघ कुठे जाड नाही, कुठे तुटलेली नाही. शेवटी मधोमध शेणाचा छोटा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. तेवढ्यात घरातून तमिळ संतकवयित्री आंडाळच्या 'तिरुप्पावै' या काव्यातलं पद ऐकू आलं. तीस पदं आहेत, मार्गळीत रोज एक म्हणायचं.

मी आले होते ती इथलं कर्नाटक संगीत ऐकायला, २४ ते ३१ डिसेंबर. बाबांनी निघताना एकच काम सांगितलं होतं. ते आयुष्यभर शाळेत गाणं शिकवत आले, तंबोरा लावायला अजूनही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. "तिकडचा तंबोरा कसा बोलतो ते मला ऐकव," म्हणाले. "त्यांचा फणसाच्या लाकडाचा असतो. आपल्या भोपळ्यापेक्षा वेगळा बोलत असणार."

चेन्नईचा हा संगीताचा मोसम आपल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारखा नाही. तिथे एक मांडव, एक मंच, आणि आपण सतरंजी पसरून बसायचं. इथे गाणं शहरभर विखुरलेलं. जी संस्था कार्यक्रम करते तिला सभा म्हणतात आणि अशा सभा डझनांनी आहेत. त्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा १९०० सालापासूनची. म्युझिक अकादमीचं मूळ १९२७च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेत आहे, १९२८मध्ये ती उभी राहिली. युनेस्कोने २०१७ साली चेन्नईला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. मला वाटतं, ज्याने हा महिना इथे काढला आहे त्याला त्या शिक्क्याची गरज वाटणार नाही.

माझा दिवस असा जायचा: सकाळी आठला अकादमीत सप्रयोग व्याख्यान, दुपारी कुठल्यातरी सभेत तरुण कलाकारांचं गाणं, तेही बहुतेक ठिकाणी फुकट, आणि संध्याकाळी तिकीट काढून मोठं गाणं. मधल्या वेळात रिक्षा, आणि लझच्या चौकात मेट्रोच्या पत्र्यांमागे अडकलेली वाहतूक. दुपारच्या मैफिली चुकवू नका. विशी-बाविशीची मुलं रिकाम्या खुर्च्यांसमोर अशी गातात की आपल्याला भरून येतं. एका दुपारी सभागृहात आम्ही अकरा जण होतो. गाणाऱ्या मुलीने कल्याणीची आलापी वीस मिनिटं केली, एकदाही घाई न करता. कल्याणी म्हणजे आपला यमन. पण तीव्र मध्यमावर ती जशी आंदोलत उतरत होती तसा यमन मी कधी ऐकला नव्हता.

रागांच्या नावांनी सुरुवातीला गोंधळ उडतो. तोडी जाहीर होतो आणि कानावर आपल्या भैरवीचे स्वर येतात. आपली तोडी त्यांच्याकडे शुभपंतुवराळी. मोहनम म्हणजे भूप, हिंदोळम म्हणजे मालकंस. स्वर तेच, पण चाल वेगळी. आपण स्वरावर थांबतो, ते स्वराला हलवत ठेवतात. तिसऱ्या दिवसापासून मी तुलना करणं सोडलं आणि तेव्हाच खरं ऐकू यायला लागलं.

ताल मला एका मामीने शिकवला. इथेही वयाने मोठ्या बाईला मामीच म्हणतात, त्यामुळे मला हाक मारायला अवघडल्यासारखं झालं नाही. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, मांडीवर छोटी वही. कलाकाराने नवी रचना सुरू केली की त्या रचनेचं नाव, राग, ताल लिहायच्या. माझा हात भलतीकडे पडताना बघून त्यांनी माझा पंजा धरला आणि माझ्याच मांडीवर मोजायला लावलं. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग टाळी, हात उताणा. पुन्हा टाळी, हात उताणा. आठ मात्रा, आदि ताल. तमिळ, इंग्रजी आणि थोडी हिंदी मिसळून त्या म्हणाल्या, "बोटं विसरली की गाणं विसरलं." संपूर्ण सभागृहात शेकडो हात मांड्यांवर एकाच वेळी पडत होते आणि उताणे होत होते. आपल्याकडे श्रोता समेला मान हलवतो. इथे तो अख्खं आवर्तन कलाकाराच्या बरोबरीने चालतो.

एक गोष्ट मात्र मला सहन झाली नाही. मुख्य रचना झाली की मृदंग आणि घटम (वाद्य म्हणून वाजवायचा मातीचा घडा) यांना स्वतंत्र वादनाची वेळ मिळते, तिला तनी आवर्तनम म्हणतात. ती सुरू झाली की लोक उठतात आणि कॅन्टीनकडे चालायला लागतात. मृदंगवाला दीड तास दुसऱ्यासाठी वाजवत असतो, आणि त्याच्या वाट्याला दहा मिनिटं आली की रांगाच्या रांगा त्याच्याकडे पाठ करतात. मामी हलल्या नाहीत. त्यांची बोटं चालूच होती.

कॅन्टीनचा मोह कळतो म्हणा. सभांच्या कॅन्टीनला जेवायला गाण्याचं तिकीट लागत नाही, गावभरचे लोक येतात. केळीच्या पानावरचं जेवण, अडै म्हणजे डाळ-तांदळाचं जाड धिरडं आणि शेजारी अवियल ही नारळातली मिसळीची भाजी, आणि डवरा नावाच्या पसरट वाटीतून पेल्यात ओतून फेस आणलेली कॉफी. टेबलाटेबलावर कालचं गाणं चघळलं जातं. कुणाची भैरवी कशी लागली यावर दोन आजोबा अडै थंड होईपर्यंत भांडत होते.

या आठवड्यात मला सगळ्यात जास्त हलवलं ते शब्दांनी. इथे मैफिलीला कच्चेरी म्हणतात. आपल्याकडे कचेरी म्हटलं की तलाठी आठवतो. मुख्य भाग संपल्यावर ज्या हलक्या रचना गातात त्यांना तुक्कडा. आणि मग हरिकथा. एका सकाळी मी कीर्तनासारखं काही असेल म्हणून गेले. व्यासपीठावर एक बाई, मागे मृदंग आणि पेटी, कथा तमिळमध्ये. अचानक त्यांनी चाल बदलली आणि मी खुर्चीत सरसावून बसले. ती साकी होती. आपल्या कीर्तनातलं ते वृत्त, तमिळ शब्दांत. थोड्या वेळाने दिंडी वृत्तातलं पद आलं. हातात लाकडी चिपळ्या होत्या, शेजारी विचारलं तर म्हणाले, "चिप्ळा."

हे कसं घडलं ते मला पुस्तकातून माहीत होतं. १६७०च्या दशकात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतलं आणि १८५५पर्यंत तिथे मराठ्यांचं राज्य होतं. सरफोजी राजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे कथेत गुंफलेली गीतं, रचली. महाराष्ट्रातले कीर्तनकार तिकडे जात राहिले, एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांच्या कीर्तनांनी तंजावरला वेड लावलं, आणि तिथल्या कृष्ण भागवतरांनी ते कीर्तन कर्नाटक संगीतात असं मुरवलं की आजची हरिकथा उभी राहिली. वाचणं वेगळं. हजार किलोमीटरवर, अनोळखी भाषेत, समोरच्या बाईंच्या तोंडून दिंडी ऐकणं वेगळं. कथा पांडुरंगावर आली तेव्हा माझ्या आसपासच्या सगळ्यांनी हात जोडले.

२६ तारखेला सकाळी गाण्याला गेले नाही. पट्टिनपाक्कमच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या वस्तीतली माणसं समुद्रात दूध ओतत होती. २००४ची त्सुनामी याच तारखेला, रविवारी सकाळी आली होती. बायका पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या राहून रडत होत्या, मुलं लाटेवर फुलं सोडत होती. मी लांबच थांबले. सभागृहं तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, आणि त्या सभागृहांत या वस्तीतलं कुणी मला आठवडाभरात दिसलं नव्हतं. हे गाणं एका वर्गात, एका जातीत अडकून पडलं आहे ही टीका इथे मोकळेपणाने होते. कर्नाटक गायक टी. एम. कृष्णा आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१५मध्ये बेझंट नगरजवळच्या ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या मच्छीमारांच्या वस्तीतच संगीताचा उत्सव सुरू केला, तो याच अस्वस्थतेतून. पुढच्या वेळी मी त्यासाठी येणार आहे.

बाबांचा तंबोरा सापडेना. बहुतेक मंचांवर तंबोऱ्याऐवजी सूर धरणारी विजेवरची पेटी. शेवटी एका व्याख्यानात मागे एक मुलगी खरा तंबोरा घेऊन बसलेली दिसली. कार्यक्रमात रेकॉर्डिंग चालत नाही, म्हणून संपल्यावर मी तिला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं आणि मिरजेहून आले असं सांगितलं. मिरज, म्हणजे तंबोरे घडवणारं गाव, म्हणताच तिने खोळ परत काढली. घोडीवरचा दोरा जरासा सरकवून, कान लावून, तिने जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, मोकळी केली आणि दोन मिनिटं नुसती छेडत राहिली. मी फोन धरून उभी. आवाज आपल्या तंबोऱ्यापेक्षा बारीक, आतून दाटलेला.

शेवटच्या दिवशी मांबलमहून लोकल पकडली. गिंडी, तांबरम, वंडलूर, मरैमलै नगर, आणि मग सिंगपेरुमाळ कोयिल. गावाचं नाव तिथल्या नरसिंहावरून पडलं, टेकडी कोरून केलेलं पल्लवांच्या काळातलं देऊळ, प्रदक्षिणा घालायची तर टेकडीलाच घालावी लागते. देवळात जाऊन आले, पण मी आले होते ती स्टेशनसाठी.

मिरजेत वाढलेल्या मुलांना हे स्टेशन न बघताही माहीत असतं. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब मद्रासचे कार्यक्रम करून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून इथे उतरले, फलाटावर अंथरूण घातलं. त्यांनी दरबारी रागात ईश्वराची आळवणी केली आणि तिथेच प्राण सोडला असं सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७. देह मिरजेला आणला, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात कबर आहे, उरुसात आजही तिथे गवई हजेरी लावतात. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. आणि ज्या काळात उत्तरेतले गवई दक्षिणेच्या गाण्याकडे फिरकत नव्हते त्या काळात खाँसाहेबांनी कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांची खरहरप्रिया रागातली कृती, म्हणजे रचना, गाऊन तिची तबकडी काढली.

फलाट साधाच आहे. सिमेंटचे बाक, लिंबाची सावली, फुलांचे गजरे घेऊन परतणाऱ्या दोन बायका. मी बाकावर बसून कानात इअरफोन घातले आणि फोनवर ती तबकडी ऐकली. तीनेक मिनिटांची आहे. मध्येच तांबरमकडे जाणारी गाडी आली आणि आवाज बुडाला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावली.

मग बाबांना फोन केला. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग त्यांना आदल्या रात्रीच पाठवलं होतं. "ऐकला," म्हणाले, "सहा वेळा. पंचमाची तार किंचित चढलीय, बाकी मुलीचा हात चांगला आहे." कुठे आहेस विचारलं. मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. तेवढ्यात चेंगलपट्टूकडची लोकल भोंगा देत फलाटाला लागली.

"हा तिथल्या गाडीचा भोंगा का?" बाबा म्हणाले. "थांब, फोन ठेवू नकोस. तंबोरा जवळच आहे, बघतो कुठल्या पट्टीत आहे."