पिवळी फेरारी आणि कुबिकाचा उजवा हात

१६ जून २०२५, सोमवार

काल फ्रान्समधली ल माँची २४ तासांची मोटारशर्यत संपली; तिथे एक गाडी तीन ड्रायव्हर आळीपाळीने पळवतात. आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि रविवारी साडेसातला संपते, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने आख्खा शनिवार-रविवार वाया. ८३ नंबरची पिवळी फेरारी पहिली आली. शेवटी स्टिअरिंगवर रॉबर्ट कुबिका होता आणि मागे पोर्श, जेमतेम १४ सेकंदांवर. २४ तास पळून १४ सेकंद!

आज जो तो अपघातानंतरच्या त्याच्या पुनरागमनाचं कौतुक करतोय. करावंच. पण तो आधी होता तिथे परत आलाच नाही, येणार तरी कसा?

आधीचा कुबिका मला लख्ख आठवतो. एफ-वनमधला पहिला पोलिश ड्रायव्हर. २००७ साली माँट्रियलला त्याची गाडी अशी आपटली की नुसते पाय बाहेर लोंबत होते. धक्का ७५ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ७५ पट. एक शर्यत चुकली, पुढच्या शर्यतीत पठ्ठ्या चौथा. २००८ मध्ये त्याच ट्रॅकवर जिंकला. त्याच्या संघाचा, बीएमडब्ल्यू सॉबरचा, तो एकमेव विजय, आणि त्या दिवशी तो गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर होता. बीएमडब्ल्यूने मात्र पुढच्या वर्षीच्या गाडीकडे लक्ष वळवलं. त्याचा राग मला आजही येतो.

मग ६ फेब्रुवारी २०११. तीनच दिवसांपूर्वी व्हॅलेन्सियाच्या चाचणीत रेनोमधून सगळ्यांत वेगवान वेळ काढून हा गडी इटलीत आंदोराच्या छोट्याशा रॅलीत हौसेने स्कोडा पळवायला गेला. रस्त्याकडेचा लोखंडी कठडा गाडीत आरपार घुसला. तासाभराहून अधिक वेळ तो आत अडकून होता. उजवा हात कोपराखाली अर्धवट तुटलेला. हात वाचवायला शस्त्रक्रिया सात तास चालली. त्याच ऑक्टोबरात ग्रेटर नोएडाला आपल्याकडची पहिली एफ-वन शर्यत झाली, पण कुबिका त्यात नव्हता. २०१२ साठी फेरारीशी करार झाला होता, हे त्याने खूप नंतर सांगितलं.

हात राहिला, पण मनगट पूर्वीसारखं फिरेना. एफ-वनच्या अरुंद कॉकपिटमध्ये कोपर हलवायला जागा नसते, म्हणून तो रॅलीत गेला, तिथे गाडीत ऐसपैस जागा. २०१३ मध्ये डब्ल्यूआरसी-२ चा, म्हणजे जागतिक रॅली मालिकेतल्या दुसऱ्या वर्गाचा, विजेता झाला. त्यानंतर वरच्या वर्गात किती वेळा गाडी आपटली ते विचारू नये.

माझ्या मावसभावाचं मनगट बाइकवरून पडून मोडलं होतं. फिजिओथेरपी संपल्यावरही शर्टाचं वरचं बटण लावताना तो हात आणायच्या ऐवजी मानच खाली घालतो. कुबिकाचंही तसंच दिसतं. आतल्या कॅमेऱ्यात वळण बघावं: जोर सगळा डाव्या हाताचा, उजवा सोबतीला. साधारण ७० टक्के काम डाव्याने करतो, असं त्यानेच सांगितलंय.

म्हणून मला कालच्या विजयाइतकंच २०१९ साल महत्त्वाचं वाटतं. आठ वर्षांनी एफ-वनमध्ये परतला तो विल्यम्समध्ये, सगळ्यांत मंद गाडीत. संघातला जोडीदार तरुण जॉर्ज रसेल, आणि २१ पैकी २१ क्वालिफाइंगमध्ये (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत) रसेल पुढे. लोक म्हणाले, कशाला आला हा? खरं सांगायचं तर बघवत नव्हतं. पण हॉकेनहाइमच्या पावसात हा बारावा आला, रसेलच्या पुढे. मागाहून अल्फा रोमिओच्या दोन्ही गाड्यांना दंड लागला आणि हा दहावा झाला. एक गुण! विल्यम्सचा त्या आख्ख्या वर्षातला तेवढाच.

२०२१ मध्ये ल माँला त्याची गाडी एलएमपी-२ या दुसऱ्या पातळीच्या वर्गात पहिली होती आणि शेवटच्या फेरीत बंद पडली. तेव्हा स्टिअरिंगवर यी यिफेई होता. काल तोच यी, फिल हॅन्सन आणि कुबिका, तिघे पोडियमवर. चाळिशीत सगळ्यांत मोठी शर्यत, आणि तीही फेरारीतून.

आज ऑफिसात डोळे मिटत होते. रात्री जेवण झालं की हॉकेनहाइमची ती शर्यत पुन्हा लावणार आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.