आमची वाटचाल: भोसरीच्या माडीवरून

2008 साली भोसरीत एका वर्कशॉपच्या माडीवर आम्ही दोघा मित्रांनी दुकान थाटलं. आदल्याच वर्षी मोटोरोलाने स्कॅनर बनवणारी सिम्बॉल कंपनी घेतली होती, आणि चाकण-भिवंडीच्या गोदामांत पिस्तुलासारख्या मुठीचे बारकोड स्कॅनर दिसू लागले होते. कागदोपत्री ते ‘हँडहेल्ड टर्मिनल’, गोदामात नुसती ‘गन’. ट्रिगर, काच, बॅटरी बदलणं हे आमचं काम.

पण दुरुस्तीपेक्षा हेलपाटेच जास्त. विंडोज सीई या छोट्या उपकरणांच्या विंडोजवर चालणाऱ्या जुन्या गनमध्ये बरंचसं रॅममध्येच, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीतच राहायचं. दिवाळीच्या सुट्टीत बॅटऱ्या पार उतरल्या की वायफाय, सर्व्हरचा पत्ता, अ‍ॅप, सगळं साफ. भाऊबीज उरकते न उरकते तोच फोन: “साहेब, गना कोऱ्या झाल्या.” मग एकेक गन क्रेडलवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या खाचेत ठेवा, अ‍ॅक्टिव्हसिंक या संगणकावरच्या प्रोग्रॅमने फाइली चढवा, इवल्या बटणांवर लांबलचक पासवर्ड टाइप करा. एका गनला वीस मिनिटं, आणि गना चाळीस. ‘अ‍ॅप्लिकेशन’ हा फोल्डर फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत असतो आणि तिथे ठेवलेल्या सेटिंगच्या रजिस्ट्री फाइली कोल्ड बूटनंतर, म्हणजे गन कोरी होऊन पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप लागतात, हे फार उशिरा कळलं. आधी कळतं तर एखादी दिवाळी तरी घरी गेली असती.

मग अ‍ॅव्हलांच हे दुरून गना सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं. गनमधला छोटा प्रोग्रॅम सर्व्हरला हजेरी देतो, नवीन सेटिंग असेल तर उचलतो. आम्ही भोसरीत, गना भिवंडीत. गिऱ्हाइकांना मात्र हे पटेना. “तुम्ही आलातच नाही, मग बिल कसलं?” शेवटी गनमागे वार्षिक करार सुरू केला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आणि मग तो शनिवार. एका गोदामाचं वायफाय डब्ल्यूईपी या जुन्या सुरक्षा पद्धतीवरून नव्या डब्ल्यूपीए2 वर न्यायचं होतं. संध्याकाळी मी साठ गनांना नवीन प्रोफाइल, म्हणजे वायफायच्या सेटिंगचा संच धाडलं आणि जुनं काढून टाकलं. पासवर्डमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला होता. एकेक करत साठही गना पडद्यावरून नाहीशा झाल्या. चूक सुधारून पाठवायची तर त्याच वायफायवरून, आणि तेच मी तोडलेलं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड! रात्री अकराला गाडी काढली. सोबत होते सेटिंगचे बारकोड छापलेले कागद. नेटवर्क नसलं तरी गनला डोळा असतोच. कागद स्कॅन केला की सेटिंग आत. पहाटे चारला शेवटची गन लागली. सुपरवायझरने चहा पाजला, वर म्हणाला, “एवढं करायला फोनवर सांगितलं असतं तरी आम्ही कागद छापला असता की.” खरं होतं. मला सुचलंच नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक गोदामात लाल टेप लावलेली एक गन असते. नवीन काहीही आधी तिच्यावर, मग पाच गनांवर, मग सगळ्यांवर. जुनं आणि नवं वायफाय दोन-तीन आठवडे बरोबरच चालू ठेवतो, कारण ड्रॉवरात पडलेली एखादी गन हमखास उशिरा जागी होते. 30 जून 2017 च्या रात्री, जीएसटी लागायच्या आधी, बिलिंगचं नवं अ‍ॅप असंच चढवलं: पाच-पाच गनांच्या टप्प्यांत, नाहीतर अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, गुदमरतात. दोन गना काही केल्या हजेरी देईनात. दोघींच्या बॅटऱ्या काढून कोणीतरी तिसरीत घालायला ठेवल्या होत्या!

14 जानेवारी 2020 ला विंडोजच्या हँडहेल्ड आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचा मिळणारा आधार संपला आणि अँड्रॉइडवर जाणं भाग पडलं. दोनच महिन्यांत टाळेबंदी. नव्या गनांची खोकी गोदामात, आम्ही घरात. मी बारकोडची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. त्याच सुपरवायझरने ती छापली, लॅमिनेट केली आणि चार्जिंगच्या रॅकशेजारी खिळ्याला टांगली. गना त्याने स्वतःच लावल्या. वायफायचा पासवर्ड असा भिंतीवर टांगायचा नसतो, हे त्याला समजावता समजावता पुढचा अर्धा तास गेला.