अमेरिकन गिटार अ‍ॅम्प कुडाळच्या लाईटवर: स्टेप-डाऊन बनवून घेतानाचा माझा अनुभव

अमेरिकेतून आलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प इथे चालवायला लागतो एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपल्या २३० व्होल्टचे ११०-१२० करणारा. काम एवढंच. पण तो धड बनवून घेताना जो वैताग झाला तो अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी अ‍ॅम्पच्या मागची पट्टी वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर नुसती पिन बदला, बाकी काही करायला नको. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच असेल तर शेजारचे वॅट बघा. माझा अ‍ॅम्प ४० वॅटचा, पण पट्टीवर १८० आहेत. ४० स्पीकरला मिळतात, १८० लाईनमधून खेचले जातात. हिशोब १८० वर करायचा आणि ट्रान्सफॉर्मर किमान ३०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता यात मोजतात) घ्यायचा. मुठीएवढे ‘१५०० वॅट’चे कन्व्हर्टर हेअर ड्रायरसाठी असतात, अ‍ॅम्पला लावू नका.

आता वायंडिंगचं दुकान. मी लिहून दिलं होतं: आयसोलेशन पाहिजे, म्हणजे इनपुट आणि आउटपुटची वायंडिंग वेगळी, आउटपुट ११० व्होल्ट, अर्थिंगची तार इनपुटपासून आउटपुटपर्यंत आरपार. हातात पडला ऑटो, म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर, तोही दोन पिनच्या सॉकेटचा. वर उत्तर, ‘सगळे हाच नेतात, चालतो.’ चालतो, खरं आहे. पण ऑटोत एकच वायंडिंग, त्यातूनच मध्ये टॅप, म्हणजे आउटपुटची तार, काढलेला. टॅपखालचा भाग तुटला की २३० थेट अ‍ॅम्पच्या तोंडाशी. शिवाय फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड आपल्याकडे सर्रास सापडतात. तिथे ऑटोच्या आउटपुटची एक तार जमिनीच्या तुलनेत २३० वर असते आणि दुसरीही १२० वर. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर, ओठ माइकला. त्यात अर्थिंगच नाही! या मुद्द्यावर मी हटलो नाही, तुम्हीही हटू नका.

ओळखायचं कसं, तर मल्टीमीटर बीपवर (तार सलग असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवा, ट्रान्सफॉर्मर लाईटला न लावता. इनपुटची एकेक तार आउटपुटच्या एकेका तारेशी तपासा. कुठेही बीप आला तर तो ऑटो. मग इनपुटची अर्थ पिन आणि आउटपुटचा अर्थ. इथे मात्र बीप आलाच पाहिजे, पत्र्याच्या पेटीवरसुद्धा.

पुढच्या खेपेला आयसोलेशन मिळाला, तर लोडवर, म्हणजे काहीतरी जोडून चालवून, तपासून द्यायची तयारी नाही. मीटर लावून दाखवतात, ‘बघा, ११०.’ बिनलोडच्या ११० वरून काहीच कळत नाही. मी पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड लावायला लावला. ११० व्होल्टवर तो साधारण २३० वॅट घेतो, म्हणजे अ‍ॅम्पपेक्षा थोडा जास्तच. रॉड बादलीत सोडून अर्धा तास चालवा, चालू असताना पाण्यात हात घालू नका. पाच-सहा व्होल्टपेक्षा जास्त उतरलं किंवा ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववेना, तर तार बारीक वापरली आहे किंवा गाभ्यात लोखंडी पत्र्या कमी भरल्यात. काटा ९८ वर आला तेव्हा कुठे दुकानदाराने पुन्हा गुंडाळून द्यायचं कबूल केलं.

१२० ऐवजी ११० का मागितले? ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. गाभ्यावरचा भार व्होल्ट भागिले हर्ट्झ असा चालतो: तिकडे १२० भागिले ६०, म्हणजे २. इथे १२० दिले तर २.४, ११० दिले तर २.२. दुसरं म्हणजे मध्यरात्री लाईन २५० ला गेली तर ११० वाला जेमतेम १२० देतो, १२० वाला १३० देईल. संध्याकाळी लाईन १९० वर आली की ९१ च उरतात आणि आवाज मलूल होतो. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर.

गिटारचा सूर ५० हर्ट्झने बदलत नाही.

अ‍ॅम्पचा फ्यूज आहे तोच ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटला २ अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे क्षणभराचा झटका सोसणारा फ्यूज. साधा फ्यूज स्विच टाकतानाच उडतो.

घरची अर्थिंगही बघून घ्या. जांभ्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि आरपार आणलेला अर्थ नावापुरता उरतो. खड्ड्यात पाणी ओतत राहा आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. सगळ्या पिना बसतात त्या एक्स्टेन्शन बोर्डमध्ये अमेरिकन चपटी पिनही बसते. कार्यक्रमात मदतीला आलेला कोणीही ती थेट २३० मध्ये खुपसू शकतो. पिनेजवळ वायरवर ‘फक्त ११०’ अशी ठळक पट्टी चिकटवा. ट्रान्सफॉर्मर गिटारपासून मीटर-दोन मीटर लांब ठेवा, गिटारचा सिंगल-कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारं एका कॉइलचं चुंबक) त्याची घरघर लगेच पकडतो.