दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी

इंदुरात आमच्याकडे कुणाला दिवस गेले की सल्ल्यांना तोटा नसतो. त्यात जुळं म्हटल्यावर तर विचारूच नका. पपई, ग्रहण, रिक्षातले धक्के, सगळं ऐकून घेतलं. पण सगळ्यात जास्त ऐकावं लागलं ते सोनोग्राफीवरून. थोरलीच्या वेळी मोजक्याच झाल्या होत्या. या खेपेला मी दर पंधरा दिवसांनी, मधले काही आठवडे तर दर आठवड्याला, त्या टेबलावर आडवी होत होते. ज्यांच्यावर अशीच वेळ आली आहे त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एवढ्या सोनोग्राफ्या कशाला, तर वारेमुळे, म्हणजे प्लेसेंटामुळे. जुळं आहे हे पहिल्या सोनोग्राफीतच कळलं होतं. पण अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधे जो एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात तो) होतो, त्या वेळी गीता भवनजवळच्या सेंटरमधल्या मॅडमनी दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे टेकतो ती जागा बराच वेळ निरखली. पडदा काटकोनात, इंग्रजी टी अक्षरासारखा टेकत असेल तर वार एकच. तिथे वारेचा त्रिकोणी कोंब आत शिरलेला दिसला तर वारा दोन. हे चौदा आठवड्यांच्या आतच नीट कळतं, पुढे ती खूण पुसट होत जाते. आमच्याकडे टी होता. मॅडम म्हणाल्या, "प्लेसेंटा एक ही है. सोलहवें हफ्ते से हर पंद्रह दिन में आना पड़ेगा, छुट्टी नहीं मिलेगी."

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवलं. एक वार, दोन नाळा, आणि वारेच्या पृष्ठभागावर दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या. बहुतेक वेळा देणंघेणं सारखं राहतं. पण अशा जुळ्यांपैकी शंभरातल्या दहा ते पंधरा जोड्यांत एक बाळ नुसतं देत राहतं आणि दुसरं घेत राहतं. देणाऱ्याच्या भोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याच्या भोवती ते वाढत जातं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून लेझरने त्या रक्तवाहिन्या बंद करता येतात, उशीर झाला तर दोघांनाही धोका. आणि आईला सुरुवातीला यातलं काहीही जाणवत नाही. म्हणून पंधरवडा.

ही चिठ्ठी मी घरी आणली, फ्रिजवर लावली, आणि तरीही आजींची (म्हणजे माझ्या आजेसासूबाईंची) समजूत पटेना. "अगं, इतक्यांदा त्या यंत्राखाली झोपायचं म्हणजे बाळांना बाधणार नाही का?" माझी आई देवासहून रोज फोन करून तेच विचारायची, फक्त आवाज जास्त काळजीचा. शेजारच्या भाभी व्हॉट्सॲपवर काय काय पाठवायच्या ते सोडूनच द्या.

आजींची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यांच्या थोरल्या बहिणीला जुळं असावं अशी शंका आली तेव्हा, त्या काळच्या रीतीप्रमाणे, पोटाचा एक्स-रे काढला होता. मूल आडवं आहे का, एक आहे की दोन, हे बघायला तेव्हा दुसरं खात्रीचं साधन नव्हतं. १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवलं की पोटात असताना ज्यांचे एक्स-रे निघाले त्या मुलांमध्ये कॅन्सर जास्त आढळतात. डॉक्टरांच्या जगाला ते गळी उतरायला बरीच वर्षं लागली. म्हणजे 'पोटातल्या बाळावर यंत्र लावू नये' ही आजींच्या पिढीची धास्ती हवेतून आलेली नव्हती, फक्त यंत्र वेगळं होतं. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी काढलेली पोटातली चित्रं १९५८ मध्ये छापली, आणि ती आमच्यापर्यंत पोचायला आणखी बराच काळ गेला.

पुढच्या वेळी मी मॅडमना सरळच विचारलं. आधीच्या पेशंटला वेळ लागला होता, बाहेर गर्दी होती, तरी त्या नीट बोलल्या. एक्स-रेमध्ये पेशीच्या आतल्या डीएनएला इजा करण्याइतकी ताकद असते. सोनोग्राफीत किरण नसतातच, आवाज असतो. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. पोटावरून फिरवायचा प्रोब सेकंदाला साधारण वीस ते पन्नास लाख कंपनं करतो. त्याने डीएनए तुटत नाही. "पर गरमी होती है," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडचा स्क्रीन थोडा वळवला.

कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन आकडे होते, टीआय आणि एमआय. इतके दिवस मी त्याच स्क्रीनकडे बघत होते आणि बाळांची नाकं शोधत होते! टीआय हा उष्णतेचा अंदाज: १ म्हणजे ढोबळमानाने तिथलं तापमान एका अंशाने वाढू शकेल. हाड आवाज जास्त शोषतं, म्हणून पुढच्या महिन्यांत बाळाच्या हाडांचा हिशेब धरून हा आकडा बघतात. एमआय हा लहरींच्या दाबाच्या धक्क्याचा अंदाज. साधं काळंपांढरं चित्र चालू होतं तेव्हा टीआय ०.२च्या आसपास होता. नाळेतला रक्तप्रवाह बघायला त्यांनी डॉप्लर लावलं तसा तो भराभर चढला, तेव्हा त्यांनी एक बटण फिरवून तो खाली आणला, मोजमाप घेतलं आणि चित्र गोठवून हात बाजूला घेतला. गोठवलेल्या चित्रावर पुढची पाच मिनिटं त्या मापं काढत बसल्या. त्या पाच मिनिटांत पोटात काहीच जात नव्हतं. टेबलावर वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटांचा मारा, असं नसतं तर!

दीड अंशापर्यंतच्या वाढीला उष्णतेच्या बाजूने हरकत धरत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. आणि त्याला जोडून आलेली तंबी मला फार पटली: तुम्हालाच ताप असेल तर बाळाचं तापमान आधीच वर असतं, तेव्हा तसंच येऊ नका, आधी फोन करा.

एक जुना प्रश्नही सुटला. अगदी पहिल्या सोनोग्राफीत नवऱ्याने "ठोके ऐकवा ना" म्हणून दोनदा विनवलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी ऐकवले नव्हते, नुसती वरखाली होणारी रेघ दाखवली होती. हा बिचारा हिरमुसला. कारण हेच. ठोके ऐकवायला डॉप्लर लागतं, त्याचा जोर जास्त, आणि पहिल्या दहा-बारा आठवड्यांत गरज नसताना ते लावत नाहीत. रेघेवर ठोके मोजता येतात, तेवढ्यावर भागतं.

"पण कुणी मोजून बघितलंय का, जास्त वेळा केल्याने काय होतं ते?" हा माझा प्रश्न. बघितलंय. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे २८३४ बायकांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाची १८व्या आठवड्यात एकदा सोनोग्राफी आणि पुढे गरज पडली तरच. दुसऱ्याची १८, २४, २८, ३४ आणि ३८व्या आठवड्यात, डॉप्लरसकट. १९९३ मध्ये निकाल आला तेव्हा पाच वेळांच्या गटात वजनाने फार कमी असलेली बाळं जास्त निघाली, आणि साहजिकच खळबळ उडाली. मग तीच मुलं आठ वर्षांची होईपर्यंत त्यांच्या मागावर राहिले. वाढ, बोलणं, वागणं, कशातच दोन गटांत फरक उरला नव्हता. ते २००४ मध्ये छापून आलं.

हे ऐकून मला बरं वाटलं, पण पूर्ण निश्चिंत वाटलं असं म्हणणार नाही. कारण ती मशीनं जुनी. अमेरिकेत गर्भासाठी लहरींच्या जोराला दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलीवॅटची मर्यादा होती, ती १९९० च्या दशकात ७२० पर्यंत वाढवली आणि त्या बदल्यात हे टीआय-एमआयचे आकडे स्क्रीनवर दाखवण्याची अट घातली. म्हणजे आजच्या मशीनला जोर जास्त लावता येतो आणि आवरायची जबाबदारी चालवणाऱ्या हातावर आहे. तेव्हापासून मी किती वेळा झाली हे मोजणं सोडलं. आत जाण्याआधी एवढंच विचारायचे: आज काय बघायचं आहे?

बाकी प्रकार साचेबद्ध. शक्यतो सकाळचा नंबर. भरलेलं ब्लॅडर फक्त सुरुवातीला लागतं, पुढे उगाच तांब्याभर पाणी पिऊन कळ काढत बसायची गरज नाही, पण रिसेप्शनवरची मुलगी सवयीने सगळ्यांनाच "पानी पी लिया?" विचारायची. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद म्हणून एक तारीख आदल्या दिवशी घ्यावी लागली. आणि दर वेळी तो फॉर्म एफ. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, आधीची मुलं किती, मुलगा की मुलगी, कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, आणि खाली मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशी सही. गर्भलिंग निदानाविरुद्धचा हा कायदा १९९४ चा, अमलात आला १९९६ पासून. 'आधीची एक मुलगी' हे लिहिताना काउंटरवरचा माणूस वर न बघता पुढचा रकाना दाखवायचा, तेवढा बरा वाटायचा. कारण बाहेर सगळे वर बघूनच बोलायचे. "भाभी, इतनी बार देखते हैं तो पता तो चल ही जाता होगा?" एका वारेची जुळी असतील तर दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली, हे कुठून तरी कळल्यावर तर सोसायटीत बायका माझ्या पोटाच्या आकारावरून अटकळी बांधू लागल्या.

शारीरिक त्रास म्हणाल तर मला सोनोग्राफीचा झाला तो एकच, उताणं झोपण्याचा. जुळ्यांचं वजन पाठीकडच्या मोठ्या शिरेवर पडतं. सातव्या महिन्यात एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात गूं झालं. डाव्या कुशीवर वळवल्यावर दोन मिनिटांत ठीक. पुढे मी आधीच सांगायचे आणि पाठीखाली उशी घ्यायचे. गरगरायला लागलं तर गप्प पडून राहू नका, बोला.

साडेपाच महिन्यांच्या सुमारास मात्र सगळे दचकलो. एका बाळाभोवतीचं पाणी कमी भरलं. सगळ्यात खोल कप्पा २.४ सेंटिमीटर, आणि २ च्या खाली गेलं की धोक्याची रेघ. दुसऱ्याकडे पाणी वाढतं होतं. मॅडमनी कमी पाण्याच्या बाळाच्या ओटीपोटात एक काळा ठिपका शोधला, मुगाच्या दाण्याएवढा. ते त्याचं मूत्राशय. भरलेलं दिसतंय म्हणजे बाळ लघवी तयार करतंय, म्हणजे रक्त पुरतंय. पंधरवड्याचा आता आठवडा झाला. त्या आठवड्यांत घरात 'बाधेल' हा शब्द कुणी काढला नाही. मी दारातून आत पाऊल टाकलं की आजी विचारायच्या, "ठिपका दिसला का?" दिसत राहिला. पाणी ३ च्या वर आलं, तिथेच टिकलं, आणि आम्ही पुन्हा पंधरवड्यावर आलो.

याच काळात काही नाकारल्याही. चेहऱ्याचा फोरडी फोटो काढून देऊ म्हणाले, नको म्हटलं. त्यातून डॉक्टरांना कळायचं काही नव्हतं, आम्हाला फ्रेम मिळाली असती. नणंदेने घरी ठोके ऐकायचं डॉप्लर ऑनलाइन मागवायचं ठरवलं होतं. तिला समजावणं अवघड गेलं, कारण प्रेमाने देत होती. पण दोन बाळं असताना एकाच बाळाचे ठोके दोनदा ऐकून, किंवा स्वतःच्याच शिरेची धडधड ऐकून, 'सगळं ठीक' म्हणून घरी बसायचं, हा धोका उष्णतेपेक्षा मोठा. आणि एका हॉस्पिटलात बाळंतपणाचं नाव नोंदवायला गेलो तर काउंटरवर सांगितलं, रिपोर्ट बाहेरचा चालणार नाही, इथल्या मशीनवर परत करा. माझी परवाच झाली होती. मी विचारलं, यात नवीन काय बघणार? डॉक्टरांना बोलावलं गेलं, त्यांनी रिपोर्ट चाळला आणि चालेल म्हणाले.

ज्यांचं एकच मूल आहे आणि सगळं सुरळीत आहे, त्यांनी माझ्या संख्येवरून आपली ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते ती २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी. त्यापुढच्या ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे.

३६ आठवडे पूर्ण झाल्यावर सिझेरियन झालं. दोघी मुली. पाणी कमी असलेली ती थोडी हलकी, पण रडण्यात पुढे. ती पायाळू होती, म्हणून सुट्टी देताना बाळांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं: सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी. पायाळू बाळांचा, त्यातही मुलींचा, खुबा सैल असण्याची शक्यता जास्त असते, आणि त्या वयात तिथलं हाड अजून कूर्चेचं असल्याने एक्स-रेत ते दिसतच नाही. मी आजींना हे कसं सांगावं याची तयारी करून खोलीत गेले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, तारीख वाचली आणि म्हणाल्या, "मंगळवार आहे. धाकटीला घेऊन तुम्ही दोघं जा, या दोघींना मी बघते."