आमची वाटचाल : मोकळ्या मैदानापासून ट्रॅकपर्यंत

कार क्लबच्या सभासदांना आपल्या रोजच्या गाडीतून मोटारस्पोर्टचा आनंद घेता यावा, यासाठी लागणारी सगळी व्यवस्था आम्ही करतो. मार्ग आखणं, वेळ मोजणं, मार्शल म्हणजे मार्गावर उभे राहून सुरक्षितता सांभाळणारे लोक तयार करणं, निकाल लावणं ही आमची कामं. सुरुवातीला कोन (रस्त्यावर ठेवतात ते प्लास्टिकचे शंकू), खडू आणि स्टॉपवॉच एवढंच भांडवल होतं. तेवढ्या सामानात ऑटोक्रॉस भरवता येतो, म्हणून ऑटोक्रॉसपासूनच सुरुवात झाली.

मोकळ्या डांबरी मैदानावर कोन मांडून नागमोडी मार्ग आखायचा आणि गाड्या सुरक्षित अंतर ठेवून एकेक करून सोडायच्या. चुरस शेजारच्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. प्रत्येक कोनाच्या तळाभोवती खडूने चौकट आखलेली असते. कोन आडवा झाला किंवा पूर्णपणे चौकटीबाहेर सरकला, तर २ सेकंदांचा दंड. नुसता हलला आणि चौकटीला टेकून उभा राहिला, तर दंड नाही. एखादं फाटक, म्हणजे दोन कोनांमधली ठरलेली वाट, चुकलं, तर ती फेरीच बाद. मार्ग नीट आखला असेल तर आदळायला कोनाखेरीज काही नसतं, म्हणून नवख्या सभासदाला आम्ही आजही इथूनच सुरुवात करायला सांगतो. फेरीआधी मार्ग पायी फिरून बघण्याबाबत तर आमचा हट्टच असतो. उभं राहून स्पष्ट दिसणारी वाट सीटवर बसल्यावर कोनांच्या गर्दीत हरवते. पायी फिरताना पायाजवळचा कोन न बघता पुढच्या दोन कोनांकडे बघायची सवय ज्याला लागली, त्याचं स्टीअरिंग आपोआप शांत होतं.

याच मैदानावर आमच्या धंद्याचं सूत्र सापडलं. ऑटोक्रॉसमध्ये एक गट गाडी चालवतो तेव्हा दुसरा गट मार्शलचं काम करतो आणि मग अदलाबदल होते. पडलेले कोन उचलणारा, दंड कळवणारा, लाल झेंडा दाखवून गाडी थांबवणारा सभासदच असतो. तेव्हापासून एखादा क्लब नवा प्रकार मागतो, तेव्हा आम्ही गाड्यांची यादी नंतर बघतो. आधी विचारतो, तुमच्याकडे तयार मार्शल किती आहेत?

पहिला मोठा खर्च केला तो वेळ मोजण्याच्या यंत्रणेवर. बटण दाबणाऱ्या माणसाची प्रतिक्रिया साधारण ०.२ सेकंद घेते आणि पहिल्या तीन क्रमांकांमधला फरक अनेकदा त्याहून कमी असतो. प्रकाशकिरण तुटला की सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद करणारी यंत्रणा आली आणि निकालावरचे वाद थांबले.

मग ज्यांना वेगात रस नव्हता अशा सभासदांसाठी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांची) रॅली सुरू केली. इथे ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, रहदारीचे नियम पाळत जायचं असतं. उशिरा पोचलात तर गुण जातात आणि लवकर पोचलात तरी जातात. वेळनोंदणीची काही ठिकाणं गुप्त असतात, त्यामुळे आधी पळून मग थांबून राहणं जमत नाही. खरी कसोटी नॅव्हिगेटरची, म्हणजे चालकाशेजारी बसून वाट आणि वेळेचा हिशोब सांगणाऱ्याची. टायरचा आकार बदलला की गाडीचा अंतर मोजणारा ओडोमीटर थोडा वेगळा दाखवतो, म्हणून सुरुवातीच्या मोजलेल्या टप्प्यात आपल्या गाडीचा फरक काढून पुढचं सगळं गणित त्यावर करावं लागतं. ज्यांनी कधी हेल्मेट घातलं नाही असे आई-मुलगी, आजोबा-नातू या रॅलीत जोडीने उतरतात, आणि आम्हाला हा प्रकार मनापासून प्रिय आहे तो त्यासाठीच.

हिलक्लाइंबला, म्हणजे चढाचा रस्ता एकेका गाडीने कमीत कमी वेळात पार करण्याच्या स्पर्धेला, मात्र आम्ही मुद्दाम उशिरा हात घातला. त्याची परंपरा फार मोठी आहे. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शच्या चढावर १९०५पासून स्पर्धा होतात आणि तो मार्ग जेमतेम ९१४ मीटरचा आहे. अमेरिकेतली पाइक्स पीकची चढाई १९१६पासूनची, सुमारे २० किलोमीटर आणि १५६ वळणांची. लांबी कितीही असो, रस्ता पूर्ण बंद हवा, प्रत्येक मार्शलला पुढचा मार्शल दिसला पाहिजे आणि रुग्णवाहिका जागेवर उभी हवी. मैदानावर चूक झाली तर कोन पडतो. घाटात एका बाजूला कडा असतो आणि दुसऱ्या बाजूला दरी.

ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवून बघण्याचा दिवस, याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. ती शर्यत नाही. क्रमांक नसतात, ओव्हरटेक ठरलेल्या जागीच आणि पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावरच करायचा असतो. नवख्याशेजारी प्रशिक्षक बसतो. आम्ही सभासदांना सांगतो, इंजिनवर खर्च करण्याआधी ब्रेक फ्लुइड बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर ही किमान पातळी १५५°पर्यंत उतरते. उकळलं की पेडल सरळ खाली जातं. विम्याची कागदपत्रंही आधी वाचून घ्या. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्या सहसा वगळलेल्या असतात.

आता मार्शलांचं प्रशिक्षण हाच आमच्या कामाचा मोठा भाग झाला आहे. झेंडे, रेडिओवरची भाषा, अग्निशामक वापरणं, गाडीकडे कोणत्या दिशेने जायचं, हे सगळं प्रत्यक्ष करून शिकवतो. त्यासाठी स्वतःची गाडी असण्याची अट नाही, आणि आमचे काही उत्तम मार्शल आजवर स्पर्धेत एकदाही उतरलेले नाहीत.