आमची वाटचाल : पखवाजाचं दुकान आणि वारीचे वीस दिवस

राम कृष्ण हरी. बरेच दिवस लेक मागं लागला होता की दुकानाचं काहीतरी लिहा, म्हणून आज बसलो. केज-अंबाजोगाई रस्त्याला आमचं पखवाजाचं दुकान आहे, 1991 ला पत्र्याचं शेड टाकून चालू केलं. वडिलांची सगळी हत्यारं मला मिळाली, रापी (चामडं कापायची), आरी (भोक पाडायची), हातोडी आणि शाई, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरचा काळा गोल थर, घोटायचा काळा दगड. तो दगड त्यांच्या वडिलांनी चंद्रभागेतून आणलेला. आजोबा वारीला जायचे पण नामदेव पायरीपुढं चोखोबांच्या समाधीपाशीच माथा टेकवून माघारी फिरायचे, आमच्या लोकांना आत सोडतच नव्हते. 1947 ला साने गुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर सगळ्यांना उघडलं, मग आजोबांनी विठोबा जवळून बघितला. त्या वर्षापासून घरातलं एक माणूस वारीला जाणारच हा नेम, आणि माझ्या धंद्याचं जे काय बरंवाईट झालं ते सगळं या नेमापायी.

कारण आमचा सीजन कोणता तर ज्येष्ठ. दिंड्या निघायच्या आधी जो तो पखवाज घेऊन येतो, कुणाची शाई उडालेली, कुणाची वादी, म्हणजे आवळायची चामड्याची पट्टी, तुटायला आलेली, कुणाला पांढरी चारचा, म्हणजे उंच सुराचा, पाहिजे म्हणून तोंड लहान करून पाहिजे. आणि बरोबर त्याच वेळी मी शटर ओढून आळंदीला जातो. वीस-बावीस दिवस दुकान बंद. पाठीवर हत्यारांची पिशवी, वाटेत ज्या दिंडीच्या पखवाजाचा सूर पावसानं उतरला त्याला मुक्कामावर बसून वाद्या ओढून द्यायच्या, डाव्या तोंडाला लावायच्या कणकीला सुद्धा पैसे घेत नाही. गावातले म्हणायचे हे काय धंद्याचं लक्षण नाही. असेल.

1991 ते 2012 चांगलं चाललं, दोन पोरींची लग्नं झाली, गावच्या सप्त्याचं एका दिवसाचं अन्नदान आमच्याकडं आलं ते अजून आहे.

2013 ला खरं वाईट झालं. माझ्याकडं एक पोरगा होता, बाराव्या वर्षापासून, नाव लिहीत नाही. माझ्या सौ.नं त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. लोखंडाचं कीट किती बारीक कुटायचं, चाळून भातात कसं मळायचं, एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, घोटताना हात कसा गोल फिरवायचा, सगळं दिलं त्याला. शाई ही सांगून येत नाही, हाताला कळावी लागते, ती त्याच्या हाताला कळाली होती म्हणून जास्त दुःख. मी वारीत वेळापूरला होतो तेव्हा लेकाचा फोन आला, की बाबा समोरच्या गाळ्यात त्यानं दुकान टाकलं. आपल्या गिऱ्हाइकांच्या वहीतले सगळे नंबर त्याच्याकडं. नटबोल्टचे रेडीमेड पखवाज आणून लावले, आमच्या निम्म्या भावात, आणि येईल त्याला सांगायचा की म्हातारा आता काम करत नाही, नुसती वारी करतो. माझी चोवीस पखवाजं ऑर्डरची होती त्यातली सतरा गेली. मी त्या रात्री वेळापूरला नीट जेवलो नाही, माघारी फिरावं वाटत होतं, पण पंढरपूर तीन मुक्कामावर असताना कुठं फिरणार.

घरी आल्यावर त्याच्याशी भांडलो नाही. पण विसरलोही नाही. आता दहा वर्षांच्या वर झालं, रस्ता ओलांडून त्यानं कधी रामराम घातला नाही.

त्यातून सावरतोय तोवर 2020. चैत्रातले सप्ते गेले, मग वारीच बंद, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. 1 जुलैची आषाढी मी टीव्हीपुढं बसून केली, घरात कुणी बोलत नव्हतं. कीर्तनं बंद म्हणजे पखवाजाला कोण विचारतंय? भरून ठेवलेलं कातडं किड्यानं खाल्लं, शिसमाची खोडं तशीच पडून. सौ.नं दोन शेळ्या विकल्या.

तेव्हा परळीकडचे एक मृदंगाचार्य महाराज, वय पंच्याहत्तरच्या पुढं, दर वैशाखात पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, बदलायला आमच्याकडंच येणार, रस्ते जरा मोकळे झाल्यावर नातवाच्या मोटरसायकलवर आले. तीन पखवाज. मी म्हणलं महाराज कार्यक्रम नाही काही नाही, पुड्या चांगल्या आहेत की. ते म्हणले, "चांगल्या आहेत ते मला कळतं, तू बदल." पैसे आधी दिले, आणि बसून राहिले, शाई घोटताना बघत. असं ते वर्षात तीनदा आले. मला वाटतं दुकानाचं शटर वर राहिलं ते त्यांच्यामुळं.

तरुण पोरांना एक सांगतो, विचारलं नाही तरी. पखवाज गाडीच्या डिकीत उन्हात टाकू नका, वाजवून झाल्यावर डावीकडची कणीक काढून टाका, वाळली तर खरडताना चामडं जातं. पावसात भिजला तर शेगडीवर धरू नका, शाई तडकते, सावलीत वाऱ्याला ठेवा. आणि धंदा करणाऱ्यानं गिऱ्हाइकाची वही दुसऱ्याच्या हाती देऊ नये, कितीही जीव असला तरी.

2022 ला वारी परत पायी सुरू झाली. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं आणि संध्याकाळी मुक्कामावर एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणतो, माउली, बोल्टचा आटा गेला, रात्री भजन आहे. बघितलं तर समोरच्या गाळ्यातलाच माल, मी ओळखला. माझ्याजवळ रापी, आरी, वादी, सगळं होतं पण पाना नव्हता. नायलॉनच्या दोरीनं आवळून दिला, सूर जवळपास लागला, पोरगं पाया पडून गेलं. तेव्हापासून वारीच्या पिशवीत दहा नंबरचा पाना पण ठेवतो.