तीन गुंजा सोनं आणि एक खड्डा

"हा खड्डा कोण बुजवणार?"

एवढंच विचारलं त्या आजोबांनी. आवाज चढवला नाही. हातातल्या, धातू शोधायच्या डिटेक्टरचा दांडा फक्त माझ्या मागच्या झाडाकडे वळवला. झाडाखाली वीतभर रुंद, चार बोटं खोल खड्डा. माझाच. सोनं शोधायला खणला, आणि त्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा, बंदुकीतला शिशाचा छर्रा निघाला होता. त्या दिवसातला अकरावा. वैतागून मी तशीच पुढे सरकले होते.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात डनॉली नावाचं गाव, त्याच्या बाहेरचं आयर्नबार्कचं, म्हणजे निलगिरीच्या एका जातीचं रान, मेलबर्नपासून गाडीने अडीच तास. नवरा गाडीत बसून क्रिकेट ऐकत होता, त्यामुळे माझी ही शोभा फक्त माश्यांनी पाहिली. मी "सॉरी" म्हणून खड्डा बुजवला, आणि परत येताना सगळा रस्ता धुमसत राहिले.

कारण खड्डे म्हटलं की आपली मान आधीच खाली जाते. त्यात परक्या देशात एका गोऱ्या म्हाताऱ्याने आपल्याला खड्ड्यावरून बोलावं! पण मी म्हणते, आधी आजूबाजूला बघा की. १८५१ पासून यांच्या पणजोबांनी हा सगळा मुलूख उकरून काढला. त्या रानात सरळ रेषेत पन्नास पावलं चालता येत नाही. इथे उपसलेल्या मातीचा ढीग, तिथे दगडगोट्यांची रास, आणि मधूनच झुडपाआड तोंड उघडं असलेली जुनी विहिरीसारखी खाण, जिचा तळ दिसत नाही. ज्यांची ही भूमी, त्या जा जा वुरुंग लोकांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. ते खड्डे कुणी बुजवले? आणि माझा वीतभराचा सलतो!

हे सगळं मला घरी पोचल्यावर सुचलं. भांडणातली चांगली वाक्यं नेहमी घरी पोचल्यावरच सुचतात.

आता नियमाचं. इथे सोनं शोधायला ‘मायनर्स राइट’ नावाचा कागद लागतो. पंचवीस-तीस डॉलर भरा, दहा वर्षांची निश्चिंती. सरकारी जमिनीवर, जिथे मनाई नाही तिथे, हाताने चालवायच्या अवजारांनी शोधा. जे सापडेल ते तुमचं. या कागदामागे रक्त सांडलंय. आधी खाणकामगारांना दरमहा परवान्याचे पैसे भरावे लागत, सुरुवातीला तीस शिलिंग, सोनं सापडो न सापडो. त्यावरून बॅलरॅटला १८५४ च्या डिसेंबरात युरेकाचं बंड झालं, माणसं मेली, आणि पुढच्या वर्षी वर्षाला एक पौंडाचा हा हक्क आला. त्याच कागदाच्या अटींमध्ये आहे, जमिनीचं जे नुकसान कराल ते दुरुस्त करा. मी वाचलं होतं. सही करताना माणूस वाचतोच असं नाही, पण मी वाचलं होतं.

आईला फोनवर हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "सरकारला कळवायचं नाही? जमिनीतलं सोनं आणि तुझं?" आपल्याकडे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असा १८७८ चा कायदा. गुप्तधन वेगळं आणि खनिज वेगळं, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "ते असू दे, पण चारचौघांत बोलू नकोस."

मी शोधते ते काही आईच्या कल्पनेतलं घबाड नाही. घबाडाच्या गोष्टी इथे गावोगाव आहेत. मोलियागुलला १८६९ मध्ये जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना जमिनीखाली जेमतेम बोटभर खोल ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचा सोन्याचा गोळा सापडला. शुद्ध सोनं भरलं सुमारे ७२ किलो. एवढं वजन पेलणारा तराजू डनॉलीत नव्हता, म्हणून ऐरणीवर त्याचे तुकडे केले. १९८० मध्ये किंगोवरजवळ डिटेक्टरवर सत्तावीस किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ निघाला. आता ज्या जागा शंभर वेळा धुंडाळल्यात, तिथे उरलीय ती कणी. जुन्या यंत्रांना न ऐकू आलेली, तांदळाएवढी, मसुरीएवढी.

त्यासाठी लहान कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची चकती, लागते आणि जास्त फ्रिक्वेन्सी. इथली तांबडी माती लोहाने भरलेली, तीच कानात इतकी कुरकुरते की कणीचा आवाज त्यात बुडतो. ‘पल्स’ पद्धतीचे महागडे डिटेक्टर असली माती चांगली सोसतात, पण वरच्या दर्जाचं यंत्र हजारो डॉलरला जातं. मी कुणाचं तरी वापरलेलं, साधं घेतलं. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, सारवल्यासारखी हळू फिरवायची. घाई करणाऱ्याला फक्त खिळे मिळतात.

पुढच्या खेपेला आजोबा परत भेटले. मी पाठ फिरवणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "त्या ढिगाऱ्याच्या उतारावर बघ. मोठी कॉइल तिथे झुडपात शिरत नाही." म्हणजे मी आठवडाभर ज्याला मनातल्या मनात वाक्यं ऐकवली, त्याने मला जागा दाखवली. जरा अपमानच वाटला.

तिथे तासाभराने हेडफोनमधल्या संथ गुणगुणीत काहीतरी हललं. आवाज म्हणावा असा नाही, कुणी श्वास घेतल्यासारखं. पालापाचोळा बाजूला केला, आवाज तिथेच. दोन बोटं माती खरवडली, आता जरा टोकदार. कुदळीच्या लोहचुंबकाला काही चिकटलं नाही. प्लॅस्टिकच्या सुपलीत माती घेतली, कॉइलवर धरली: वाजली. अर्धी फेकली, वाजली. पुन्हा अर्धी. शेवटी चिमूटभर उरली ती कॉइलवर थोडी थोडी सोडली. टक्. थुंकी लावून बोटाने पुसलं. छर्रा राखाडी असतो. हा पिवळा होता.

मला एकदम आमच्या सराफ कट्ट्यावरच्या झारेकरणी आठवल्या. दुकानं उघडायच्या आत गटारातला गाळ ब्रशने गोळा करून पाटीत धुणाऱ्या. आजी म्हणायची, तिकडे बघत उभी राहू नकोस. आता मी तेच करते, फक्त यंत्र घेऊन, रविवारी, आणि इथे त्याला छंद म्हणतात. हे मी आईला सांगितलं नाही.

वजन ०.३६ ग्रॅम, म्हणजे तीन गुंजा. "मणी तरी होईल का गं?" आईने विचारलं. पेट्रोलचा हिशेब तिने विचारला नाही, नवऱ्याने विचारला.

त्या दिवशी मी खड्डा असा बुजवला की बोलायची सोय नाही. माती दाबली, वर पाला पसरला, एक वाळकी फांदीही ठेवली. जिथे एक कणी तिथे दुसरी असते म्हणतात, म्हणून पुढच्या रविवारी गेले, तर ती जागाच सापडेना. दोन तास फिरले. एक खड्डा मात्र दिसला, न बुजवलेला, शेजारी शिशाचा छर्रा टाकलेला.

तो माझा नव्हता. मी अगदी नीट आठवून पाहिलं.